हारलो न्हाई, टाइम संपला

आमच्या सरांना हरणं मान्य नव्हतं. याचा अर्थ आमची टीम जिंकायची असा कुणी घेऊ नये. आम्ही हरायचोच, आणि चांगलं सणसणीत हरायचो. पण शेवटची शिट्टी वाजली की सर मैदानात यायचे, डोक्यावरची लोकरीची टोपी सारखी करायचे आणि शांतपणे सांगायचे, "हारलो न्हाई. टाइम संपला." त्यांचं म्हणणं असं, की अजून तासभर खेळू दिलं असतं तर समोरच्या पोरी दमल्या असत्या आणि मग आपण होतोच. एखादीच्या तोंडून चुकून 'हरलो' निघालं तर तिला मैदानाची एक चक्कर. चार-पाच गोल खाऊन वर चक्कर मारताना काय वाटतं ते ज्याचं त्याला कळतं.

पहिल्या वर्षी मला हा माणूस येडाच वाटला. पुढंही ते मत फारसं बदललं नाही. फक्त त्या येडेपणाची किंमत कुणी मोजली ते कळलं, आणि मग हसू यायचं बंद झालं.

नांदेडात हॉकी म्हटलं की लोकांना गुरुद्वाऱ्याच्या बाजूची पोरं आठवतात. पोरींची हॉकी टीम आमच्या कॉलेजात आहे हे कॉलेजातल्याच निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. काठ्या घेऊन मैदानाकडं निघालो की गेटवरचा शिपाई विचारायचा, "कुणाला बडवायला चालल्या गं?" मैदान मुरमाचं. त्यात दगड, खळगे, एका कोपऱ्यात बाभळीचे काटे. चेंडू कधी सरळ आला नाही. तो उड्या मारत यायचा आणि आम्ही त्याला पाय, नडगी, काठी, जे मिळेल ते आडवं घालून अडवायचो. बाहेरच्या टीम आमच्या मैदानावर आल्या की रडकुंडीला यायच्या. आमची तेवढी एकच मर्दुमकी.

सर देगलूरचे. घरात तेलुगू, बाजारात दखनी, शाळेत मराठी, अशी त्यांची सगळी वाढ. बोलायचे आपल्यासारखंच, पण मोजायचे तेलुगूत. मे महिन्यातसुद्धा ती लोकरीची टोपी घालून कडेला उभे राहायचे आणि आम्ही पळायला लागलो की सुरू, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू..." मी एकदा विचारलं, मराठीत का नाही मोजत? तर म्हणाले, "मराठीत मोजलं तर तुमी मधले आकडे खाता. तेलुगूत तुमाला कळतच न्हाई कुठवर आलं. कळलं न्हाई की माणूस पळतो."

नावानं हाक मारणं त्यांना जमायचं नाही. त्यांच्या लेखी आम्हाला नावं नव्हतीच, जागा होत्या. लेफ्ट बॅक, इकडं ये. राइट औट, तुझ्या बुटाची नाडी. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर ओरडायचे, "किपर, वडा खाऊन नको राहू, पोट सुटंल!" टीममध्ये आम्ही बारा जणी. अकरा खेळायच्या आणि बारावी मी. मला जागाच नसल्यामुळं माझं नाव पडलं 'उरलेली'. "उरलेली, लिंबाची पिशवी आण." मी आणायची. संताप यायचा, पण आणायची.

बारा जणी म्हणजे फार झालं, असं जुन्या मुली सांगायच्या. दरवर्षी दिवाळीपर्यंत टीम जमायची आणि तुळशीचं लग्न लागलं की गळायला लागायची. एकीला पाहुणे बघून गेले, दुसरीची सुपारी फुटली, तिसरीच्या हातापायाला खेळून खरचटतं म्हणून आई सोडेना. सर मग त्यांच्या जुन्या स्कूटरवर बसून गावोगावच्या बापांना भेटत फिरायचे. बाप चहा पाजायचे, मान डोलवायचे आणि पोरीला काही पाठवायचे नाहीत.

आणि तरी हा माणूस दरवर्षी पुढच्या वर्षाची टीम जाहीर करायचा. त्याची जागा ठरलेली होती. लातूरला आंतरमहाविद्यालयीन सामने असायचे. तिथून पहिल्याच दिवशी बाहेर पडून आम्ही एसटीनं परत निघायचो आणि अहमदपूरच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली की सर खाली उतरून, सगळ्यांना गोल उभं करून, पुढल्या वर्षी कोण कुठं खेळणार ते सांगायचे. "लेफ्ट बॅक, तू पुढल्या साली लेफ्ट हाफ. राइट औट, तू हायेस तिथंच, पण पळायचं." ज्यांचं शेवटचं वर्ष असायचं त्यांनाही ते टीममध्ये धरायचे. लग्न ठरलेलीलासुद्धा. तीही मान हलवायची, "हाव सर" म्हणायची. ओठ चावत का होईना, पण म्हणायची. गाडीत परत बसेपर्यंत प्रत्येकीला वाटायचं की पुढचं वर्ष नावाची काहीतरी गोष्ट आहे.

आमची सेंटर हाफ होती सुजाता. मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन, पाठीवर दोन बहिणी. सकाळच्या पॅसेंजरनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची. गर्दीत काठी कुठं ठेवायची म्हणून ती पायाशी उभी धरून दारात उभी राहायची. हॉकीत सेंटर हाफ म्हणजे घरातली थोरली. मागचं तिनं आवरायचं आणि पुढचंही तिनंच वाढायचं. सुजाता तशीच होती, मैदानावर आणि घरीही. फार बोलायची नाही. पण चेंडू तिच्या काठीला लागला की आम्हाला धीर यायचा. तिला पोलिसात जायचं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, नांदेडच्या प्लॅटफॉर्मवर, भेळ खाता खाता, आणि लगेच म्हणाली, "कुनाला सांगू नको, हसतेत."

त्या वर्षी तिला स्थळ आलं. जळकोटचं, नात्यातलंच. मुलगा बरा, घर बरं, नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. सर स्कूटर काढून मुदखेडला गेले आणि जाताना मला मागं बसवून घेतलं. सोबत एखादी पोरगी असली की बाप ओरडत नाहीत, असा त्यांचा अनुभव.

सुजाताचे वडील ओरडणाऱ्यांतले नव्हतेच. जय भीम घालून त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसले. सर म्हणाले, "विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली तर खेळाडूचा दाखला मिळतो. भरतीत त्याला मान हाय. पोरगी पोलिसात लागती. जिम्मा माझा."

"निवड व्हती कशी, सर?"

"लातूरला पैल्या चारात आलं की त्या चार टीममधल्या पोरींतून निवडतेत. हिच्यावानी सेंटर हाफ मराठवाड्यात न्हाई."

वडिलांनी आपले तळहात एकमेकांवर घासले. मग म्हणाले, "सर, मी रुळावर उभा ऱ्हातो. कवा काय व्हईल सांगता येत न्हाई. मागं दोघी हायेत. तुमी एवढे चालून आले, तर एक सीझन थांबतो. पैल्या चारात आली तर शिकंल, नोकरी करंल, मी कुनाचं ऐकणार न्हाई. न्हाई आली तर उन्हाळ्यात उरकतो. मग तुमी काय म्हनू नका."

"न्हाई म्हणणार," सर म्हणाले.

आत चुलीपाशी सुजाता होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं बशीत थेंबही न सांडता आम्हाला चहा दिला.

सर तो सीझन झपाटल्यासारखे वागले. त्यातच लातूरहून कुणीतरी त्यांना फोनवर सांगितलं, की यंदा सामने नव्या टर्फवर आहेत. टर्फ म्हणजे हिरवी, गुळगुळीत चटई. तिच्यावर चेंडू उडत नाही, सरपटत सुटतो, आणि मुरमाच्या तिप्पट वेगानं येतो. सरांना रात्री झोप येईना. आमच्या खळग्यांच्या मैदानावर त्याची तयारी करायची कशी? मग त्यांना मोंढा सापडला.

मोंढ्यात धान्याच्या सौद्याला सिमेंटची लांबरुंद फरशी केलेली होती. अमावास्येला मोंढा बंद, रविवारी बंद, आणि बाकीच्या दिवशी सौदे सुरू व्हायच्या आत ती मोकळी. सरांनी तिथल्या हमालांच्या मुकादमाला काय सांगितलं कोण जाणे, पण दिवस उजाडायला आम्ही तिथं. आधी खराट्यानं सोयाबीन झाडायचं. एक दाणा राहिला तरी त्याच्यावरून पाय सटकून माणूस भुईसपाट. मग खेळायचं. चेंडू त्या फरशीवरून असा सुटायचा की पहिले आठ दिवस आमच्या काठीला तो लागलाच नाही. गुडघे फुटले, कोपरं सोलली. हमाल पोत्यांवर बसून बघायचे आणि वाहवा करायचे. हळूहळू जमलं. काठी जमिनीला आडवी टेकवायची, अंग मागं ठेवायचं, चेंडू आपोआप येऊन थांबतो. पास सरळ रेषेत जायला लागले. खरं सांगते, आम्ही छान दिसायला लागलो.

एक दिवस सुजाता म्हणाली, "सर, हप्त्यातून एक डाव आपल्या मैदानावर बी खेळू या का?"

"कशाला?"

"सवय जाऊन राहिली. काल कॉलेजात सहज मारून बघितलं तर चेंडू उडाला आन मला घावलाच न्हाई."

"जायाच पायजे ती सवय," सर म्हणाले. "एका म्यानात दोन तलवारी बसत न्हाईत. सेंटर हाफ, फिकर नको करू."

ती पुन्हा काही बोलली नाही. बोलली असती तर, असं मला अजूनही वाटतं. पण सरांपुढं दुसऱ्यांदा कोण बोलणार?

लातूरला पोचलो तर टर्फ खरंच होतं. हिरवंगार, पांढऱ्या रेघा मारलेलं. भोवती जाळी आणि जाळीच्या दाराला कुलूप. उद्घाटनाला मोठा माणूस यायचा होता आणि त्याची तारीख मिळाली नव्हती. फीत कापल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही, अशी वरून ताकीद. सामने शेजारच्या रिकाम्या पटांगणात. तिथं आदल्या दिवशी कुणाची तरी सभा झाली होती. मांडव काढून नेलेला, पण खांबांचे खड्डे तसेच. काहींत माती लोटलेली, काही उघडेच. काळी, भुसभुशीत जमीन, त्यावर खुर्च्यांचे व्रण.

सर त्या पटांगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि बुटानं एक खड्डा बुजवायला लागले. एक झाला की दुसरा. पंच शिट्टी मारून थकले तरी ते खाली वाकून मातीच लोटत होते. शेवटी सुजाता गेली आणि त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली.

असलं मैदान म्हणजे खरं तर आमचं माहेर. सहा महिन्यांपूर्वी आम्ही त्याच्यावर कुणालाही नाचवलं असतं. समोर उदगीरकडची टीम होती, आमच्यासारखीच मुरमावर वाढलेली. त्यांनी पाय, नडगी, सगळं आडवं घातलं. आम्ही मोंढ्यात शिकल्याप्रमाणं काठ्या आडव्या टेकवून उभ्या राहिलो, आणि चेंडू आमच्या काठ्यांवरून उड्या मारत गेला. मध्यंतराआधी एक सुजाताच्याही काठीवरून गेला. किपरला कळायच्या आत गोल. मी कडेला लिंबाची पिशवी घेऊन बसले होते. सर मोजायचे थांबले होते.

दुसऱ्या डावात सुजाता एकटी अकरा जणींचं खेळली. ती जुन्यासारखी खेळायला लागली होती, अंगावर घेऊन. नडगी फुटून मोजा लाल झाला. अगदी शेवटाला तिनं मधून चेंडू काढला, तिघींना टाकलं, आणि गोलसमोर आमच्या सेंटर फॉरवर्डला पास दिला. सरळ, मोंढ्यासारखा सुरेख पास. तो वाटेतल्या एका खड्ड्यात गेला आणि तिथंच बसला. खांब रोवल्यासारखा. दोन्हीकडच्या पोरी त्याच्याकडं बघत राहिल्या, मग त्यांच्या किपरनं येऊन तो उचकटून लाथाडला. शिट्टी वाजली.

सर आत आले. टोपी सारखी केली. "हारलो न्हाई," ते म्हणाले. "टाइम..."

सुजाता त्यांच्याकडं बघत होती. ते वाक्य त्यांनी पहिल्यांदाच अर्धं सोडलं.

अहमदपूरला गाडी थांबली. आम्ही सवयीनं गोल उभ्या राहिलो. सर हातात चहाचा कप धरून समोर उभे. चहावर साय धरली तरी ते काही बोलेनात. कंडक्टर दोनदा ओरडला. एक-दोघी रडायला लागल्या. तेव्हा सुजाता गोलाच्या मधे आली. नडगीला रुमाल बांधलेला. सरांसारखंच एक बोट वर करून तिनं सुरू केलं, "किपर, तू किपरच. लेफ्ट बॅक, तू हायेस तिथंच. राइट औट, पळायचं." एकेकीला ती सांगत गेली, पुढल्या वर्षी कुणी कुठं खेळायचं. सगळ्या जागा झाल्या, एक राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"सेंटर हाफ, उरलेली."

मी म्हणाले, "न्हाई." ती म्हणाली, "हाव सर म्हण." मी तसं म्हटलंच नाही. सरांनी चहा तसाच बाकावर ठेवला आणि गाडीत जाऊन खिडकीकडं तोंड करून बसले.

वडिलांनी शब्द पाळला. सरांनीही पाळला, काही म्हणाले नाहीत. उन्हाळ्यात मुदखेडला लग्न झालं. सर पंगतीत वाढायला उभे होते. टोपी, घाम आणि हातात बुंदीची बादली. सुजाताचे वडील "सर, तुमी बसा" म्हणून मागं लागले, पण शेवटची पंगत उठेपर्यंत ते बसले नाहीत, आणि नंतर न जेवताच गेले.

पुढचं वर्ष सांगताना मला आजही बरं वाटत नाही. टर्फची फीत कापली गेली. सामने त्या जाळीच्या आत झाले, आणि चेंडू हुबेहूब मोंढ्याच्या फरशीसारखा पळाला. बाकीच्या टीमना तो दिसेना. आम्हाला दिसत होता. मी सुजाताच्या जागेवर उभी होते, काठी आडवी टेकवून, आणि तो आपोआप येऊन थांबत होता. आम्ही पहिल्या चारात आलो. निवडीत माझं नाव लागलं. मी आज पोलिसात आहे ती त्या दाखल्यावर.

परत येताना अहमदपूरला सरांनी टीम सांगितली नाही. बाकीच्या मुलींना सोबतच्या मॅडमबरोबर नांदेडला पाठवलं आणि मला घेऊन जळकोटची गाडी पकडली.

सुजाताचं घर स्टँडपासून लांब नव्हतं. दार उघडायला सासू आल्या. दाराला आतून अडसर म्हणून लावलेली जी काठी काढून त्यांनी बाजूला ठेवली ती सुजाताची, मी लगेच ओळखली. सुजाता पीठ लागल्या हातांनी तशीच बाहेर आली. सरांना तिला हाक कशी मारावी कळेना. सासूसमोर 'सेंटर हाफ' म्हणणार कसं? त्यांनी घसा साफ केला.

"सुजाता," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कुणाचं नाव ऐकलं ते तेवढंच.

"या ना सर. बसा."

"पैल्या चारात आलो आपण."

"कशाच्या?" सासूनं विचारलं. "टर्फ उघडलं?" सुजातानं सरांना विचारलं.

"हाव."

"मोंढ्यावानी पळाला का?"

"तसाच. जरा बी फरक न्हाई."

ती हसली. खरंच आनंदानं हसली. सर खुर्चीवर बसले नव्हते. दारातच उभे होते, टोपी हातात घेऊन. टोपीशिवाय मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. केस सगळे पांढरे.

"तू म्हनली व्हतीस," ते म्हणाले. "हप्त्यातून एक डाव आपल्या मैदानावर. मी ऐकलं न्हाई. माझ्यामुळं हारलीस तू."

सुजातानं पिठाचे हात पदराला पुसले. समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "असं नका म्हनू, सर. आपण हारलो न्हाई. टाइम संपला."

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. त्यांचंच औषध त्यांना दिलं होतं, इतकंच. सर चहा न घेता निघाले. स्टँडवर येईपर्यंत त्यांनी टोपी घातली नाही.

आता माझी बदली नांदेडलाच आहे. सरांचं निवृत्तीचं वर्ष जवळ आलंय, पोरींची टीम अजून कशीबशी अकराची होते आणि सीझन पहिल्यासारखेच वाईट जातात. वेळ मिळाला की मी मैदानावर जाते. हप्त्याचे काही दिवस मोंढा आणि काही दिवस मुरूम, असा आता तिथला नियम आहे. अहमदपूरला पुढल्या वर्षाची टीमही ते सांगतात असं पोरी म्हणतात, पण सगळ्यात आधी प्रत्येकीला तिच्या घरचं विचारतात.

परवा सामना होता. घरच्या मैदानावर, तीन गोलनं गेला. शिट्टी वाजली, सर आत आले आणि नव्या पोरींसमोर स्पष्ट म्हणाले, "हारलो."

मग टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि चक्कर मारायला निघाले. गुडघे दुखतात, त्यामुळं पळणं असं ते नाहीच, एक पाय ओढत चालणं. बाभळीच्या कोपऱ्यापाशी जरा थांबले, मग पुन्हा निघाले. नियम त्यांचाच आहे, त्यामुळं त्यांना कुणी अडवत नाही. पोरी कडेला उभ्या राहतात आणि ते परत येईपर्यंत कुणी पाणीसुद्धा पीत नाही.